दोन शब्द

मराठी माणसाच्या हिशेबात 'दोन शब्द' म्हणजे नेमके किती शब्द, याचा एकदा कोणीतरी छडा लावायला हवा. 'मी आपला फार वेळ घेणार नाही, फक्त दोन शब्द बोलतो,' असं म्हणून जो गृहस्थ माईकसमोर उभा राहतो, तो चाळीस मिनिटांनी 'आता शेवटचा मुद्दा' या स्टेशनावर पोचतो आणि गाडी तिथे न थांबवता आणखी तीन स्टेशनं पुढे नेतो. खाली बसताना शेजारच्याला हळूच विचारतो, 'फार लांबलं नाही ना?' शेजारचा म्हणतो, 'छे, छे! अगदी आटोपशीर!' समाज टिकून आहे तो असल्या लहानसहान असत्यांवर.

अमेरिकेत १८६३ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर एडवर्ड एव्हरेट नावाचे नामांकित वक्ते दोन तास बोलले आणि त्यांच्यानंतर अब्राहम लिंकन दोन-तीन मिनिटं. एव्हरेटसाहेब काय बोलले ते आज कोणाला ठाऊक नाही. लिंकनचं भाषण तिथली पोरं अजून पाठ करतात. थोडक्यात बोलण्याचं महत्त्व पटवण्यासाठी आपले वक्ते ही गोष्ट हमखास सांगतात. मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण याच विषयावर होतं.

आमच्या नवी मुंबईत भाषणांना तोटा नाही. मी खाडी ओलांडून वाशीला राहायला आलो तो १९८३ साली. तेव्हा इथे रस्ते होते पण त्यांवर माणसं नव्हती, सेक्टर होते पण त्यांत दुकानं नव्हती. लोकल आली ती १९९२ साली. भाषणं मात्र लोकलची वाट बघत बसली नव्हती. ती आमच्याबरोबरच टेम्पोतून आली. आज प्रत्येक सेक्टरात एक ज्येष्ठ नागरिक संघ, एक महिला मंडळ, एक गणेशोत्सव मंडळ आणि या सगळ्यांत मिळून एक माईक आहे. हा माईक आधी शिट्टी मारतो, मग खाकरतो आणि मग 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' एवढं एकच वाक्य संपूर्ण कार्यक्रमात स्पष्ट ऐकू येतं. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करतात, तो पुन्हा लावायची आठवण आभारप्रदर्शनाच्या वेळी होते. प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्याचा परिचय आणखी कोणीतरी करून देतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ यांची देवघेव इतकी चालते, की एकदा मी नीट मोजलं तेव्हा सत्कारमूर्ती अकरा आणि श्रोते नऊ निघाले होते. त्या नवांतले दोघे मांडववाले.

याला आपली परंपराही भक्कम आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. भर उन्हाळ्यात, महिनाभर, रोज एक व्याख्यान! ज्या संस्थेतर्फे ती चालत आली तिचं नावच मुळी वक्तृत्वोत्तेजक सभा. म्हणजे वक्तृत्वाला उत्तेजन देणारी सभा आपल्याकडे केव्हाच निघाली. श्रोतृत्वाला उत्तेजन देणारी सभा निघायची राहून गेली, आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ तिथे आहे. पण ते असो.

मला प्रश्न पडला आहे तो वेगळाच. चांगलं बोलणं आणि प्रभावी बोलणं ही एकच गोष्ट का? म्हणजे उत्तम बोलून समोरच्याला पटवता आलं, की बोलणाऱ्याचं काम संपलं म्हणायचं, की तिथून त्याची जबाबदारी सुरू होते?

हा प्रश्न माझ्या डोक्यात पहिल्यांदा घातला तो आमच्या कारखान्याने. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मी अकाउंट्समध्ये होतो. नव्वदच्या दशकात कधीतरी वरच्या साहेबांच्या मनात आलं, की आपल्या माणसांना 'प्रेझेंटेशन' करता आलं पाहिजे. त्यासाठी अंधेरीहून एक टाय लावलेला तरुण आला. त्याने ओव्हरहेड प्रोजेक्टर लावला आणि पारदर्शक कागदावर तीन आकडे दाखवले : ७, ३८ आणि ५५. म्हणाला, 'ऐकणाऱ्यावर जो परिणाम होतो, त्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. आवाजाचा ३८. बाकी ५५ टक्के तुमचा चेहरा आणि हातवारे!' आमचे हेडक्लार्क हे ऐकून हादरलेच. तीस वर्षं त्यांनी नुसत्या शब्दांवर नोकरी केली होती.

मी अकाउंट्सचा माणूस. टक्क्यांची बेरीज शंभर आली तरी मूळ व्हाउचर पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही आमची शिस्त. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतले आहेत, हे मला पुढे वाचनात कळलं. त्याने सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही याचा अंदाज लोक कशावरून बांधतात ते पाहिलं. प्रश्न तेवढाच. बायको 'मी रागावले नाहीये' असं म्हणते तेव्हा शब्दांवर विश्वास ठेवायचा की चेहऱ्यावर, हे सांगायला हा नियम ठीक आहे. बजेट समजावून सांगण्याशी त्याचा काही संबंध नाही. मेहराबियनने स्वतःच तसं पुन्हा पुन्हा सांगितलं. पण तो ते साध्या शब्दांत सांगत असल्यामुळे बहुधा ७ टक्केच लोकांपर्यंत पोचलं.

मी या नियमाचा पडताळाही घेतला. आमच्या शेजारच्या मल्याळी कुटुंबाने ओणमच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. तिथे एक वक्ते अर्धा तास मल्याळममध्ये बोलले. आवाज उत्तम, हातवारे त्याहून उत्तम. हिशेबाने मला ९३ टक्के कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं, की पान वाढायला अजून वेळ आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये नेमका हाच धंदा जोरात होता. गॉर्जियास नावाचा एक मोठा वक्तृत्वगुरू होता. प्लेटोने त्याच्याच नावाच्या संवादात त्याला आणि सॉक्रेटिसला समोरासमोर बसवलं आहे. गॉर्जियास मोठ्या अभिमानाने सांगतो, की माझा भाऊ वैद्य आहे. त्याला जो रोगी औषध घेऊ देत नाही, त्याला मी नुसत्या बोलण्याने औषध प्यायला लावतो. ऐकायला छान वाटतं. पण ज्याला औषधातलं काही कळत नाही असा माणूस उद्या भलतंच औषध पाजायला निघाला, तर तेही तो तितक्याच सहज पाजेल की! सॉक्रेटिस पुढे म्हणतो, की लहान मुलांच्या पंचांपुढे वैद्यावर खटला भरा आणि फिर्यादी म्हणून आचाऱ्याला उभं करा. आचारी म्हणेल, 'मुलांनो, हा माणूस तुम्हाला कडू काढे पाजतो, उपाशी ठेवतो. मी मात्र तुम्हाला गोडधोड करून घालतो.' वैद्य बिचारा काय बोलणार? 'मी हे तुमच्या भल्यासाठी करतो' म्हणाला, तर पोरं आरडाओरडा करून त्याला खाली बसवतील.

हा खटला मी प्रत्यक्ष पाहिला आहे. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये.

आमची इमारत सिडकोने बांधलेली. आता तिचं वय झालं आहे. छताचं प्लॅस्टर न सांगता खाली येतं. एकदा आमच्याकडे ते आमटीत आलं आणि हिने 'आज आमटी घट्ट झाली' असं म्हणायच्या आत मी ओळखलं, ही काही बायकोची आमटी नव्हे. तेव्हा पुनर्विकास हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणजे सोसायटीच्या इतिहासातलं पहिलंच. विकासकाकडून एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, कानाला काहीतरी लावलेलं, हातात रिमोट. भिंतीवर पडदा. पडद्यावर सिनेमा सुरू झाला. आमच्या चार मजल्यांच्या जागी बावीस मजले. वर निळंभोर आकाश. असं आकाश वाशीत मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. गच्चीवर पोहण्याचा तलाव, तलावाकाठी एक गोरा माणूस कॉफी पीत बसलेला. पहिल्या मजल्यावरचे पाटीलबुवा भारावून म्हणाले, 'हा आपल्यात कुठल्या फ्लॅटमध्ये येणार?' तरुण प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून बोलत होता. काकू, आजी, दादा करत होता. मध्येच आपल्या आजोबांच्या गळक्या घराची गोष्ट सांगून त्याने दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आणलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कलेला दाद द्यायला आपण मागे राहत नाही.

मग तळमजल्यावरचे काका उठले. निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या हातात वहीतून फाडलेले दोन कागद. माईक त्यांच्या हातात जाताच त्याने शिट्टी मारली. काका घसा साफ करत म्हणाले, 'कार्पेट एरियाचा जो आकडा... म्हणजे त्यात बाल्कनी धरली आहे का, हे लिहिलेलं नाही. भाडं किती महिने देणार ते आहे, पण काम लांबलं तर... बँक गॅरंटी किती, कोणत्या टप्प्याला सुटणार...' आवाज स्वतःच्या खिशाशी बोलल्यासारखा. नजर कागदात. हातवारे शून्य. मेहराबियनच्या चुकीच्या हिशेबाने काका ९३ टक्के मुके होते. मागच्या रांगेत लोक वडापावची चौकशी करू लागले. कोणीतरी म्हणालं, 'काका, निगेटिव्ह बोलू नका हो!'

अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं. बहुतेकांचं आयुष्यभराचं एकच मोठं गाठोडं म्हणजे ते घर. आणि ते कोणाच्या हातात द्यायचं याचा निकाल अशा रीतीने लागत होता.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खुर्चीतूनच बोलल्या. त्यांना माईक लागत नाही. नळाला पाणी आल्याची बातमी त्या चारही मजल्यांना एका हाकेत देतात. म्हणाल्या, 'बाळा, तुझा सिनेमा छान आहे. पण माझा पलंग साडेसहा फुटांचा आहे आणि कपाट तीन फुटांचं. तू दाखवलीस त्या खोलीत हे दोन्ही ठेवून दार उघडतं का, तेवढं दाखव.' तरुण हसला. म्हणाला, 'आजी, ते आपण नंतर बघू ना.' आजी म्हणाल्या, 'नंतर मी नसेन. आत्ता बघ.' तरुणाने रिमोट दाबला. पुन्हा तो गोरा माणूस कॉफी पिताना दिसला. आजी तळमजल्याच्या काकांकडे वळल्या : 'तुमचं ते पहिलं पान पुन्हा वाचा बघू. जरा मोठ्यांदा.'

काकांनी वाचलं. या खेपेला लोक ऐकत होते. माणूस तोच, आवाज तोच, कागद तोच. बदललं होतं ते ऐकणाऱ्यांचं अंग. (त्या विकासकाशी बोलणी अजून चालू आहेत. कागदांची संख्या दोनवरून सत्तावन्नावर गेली आहे. सिनेमा मात्र पुन्हा लागला नाही.)

काकांचं बोलणं वाईट होतं, हे मी नाकारत नाही. खरं बोलणाऱ्याने रटाळच बोललं पाहिजे असा काही धर्मशास्त्रात नियम नाही. उलट, ज्याच्याजवळ खरं काही सांगण्यासारखं आहे त्याने ते नीट न सांगणं हाही एक प्रकारचा अन्यायच. औषध खरं असलं, तरी वैद्याने बाटलीवरची चिठ्ठी वाचता येईल अशा अक्षरात लिहायला नको का?

चिठ्ठीवरून आठवलं. २००३ साली कोलंबिया हे अंतराळयान परतताना कोसळलं आणि आपल्या कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच खाली इंजिनिअर मंडळींनी त्याचा अभ्यास करून वरिष्ठांना पडद्यावर पानं दाखवली. त्यातल्या एका पानाचा मथळा धीर देणारा होता. खाली एकात एक अडकलेले मुद्दे, त्यांचे पोटमुद्दे, पोटमुद्द्यांची पिल्लं. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, खरी गोष्ट : यानावर आदळलेला तुकडा, आधीच्या चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यांपेक्षा आकारमानाने सहाशे पटींहून मोठा होता. म्हणजे मथळ्याला आधार म्हणून ज्या चाचण्या दिल्या होत्या त्यांचा इथे फारसा उपयोगच नव्हता. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या पानाचा मुद्दाम उल्लेख केला आणि तांत्रिक कागदपत्रांऐवजी असली पानं दाखवण्याच्या सवयीवर ठपका ठेवला. कोणी खोटं बोललं नव्हतं. सगळं पानावर होतं. फक्त ज्या सात जणांचा जीव त्या पानावर अवलंबून होता, ते त्या खोलीत नव्हते. असते, तर त्यांनी तळापासून वर वाचलं असतं.

आणि आता जरा घरचंच सांगतो. ज्या शहरात बसून मी हे लिहितो आहे, ते शहर म्हणजे एका उत्तम मांडणीचं फळ आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी साठच्या दशकात कल्पना मांडली, की मुंबई उत्तरेकडे ओढत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. १९६५ साली 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात ती छापून आली. सरकारला पटली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, आणि १९७५ साली कोरियांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'सिटी ऑन द वॉटर' नावाचा माहितीपटही केला. कल्पना चांगलीच होती. नाहीतर मी आज दादरच्या एका खोलीत नऊ माणसांच्या पंगतीला बसलेला असतो. तेव्हा तिच्याविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटत नाही.

पण ती मांडणी ज्यांच्यापुढे झाली, त्या सभागृहात पंचाण्णव गावांतले आगरी, कोळी, कराडी शेतकरी नव्हते. नकाशावर जी जागा मोकळी दिसत होती, तिथे त्यांची भातशेती होती, मिठागरं होती. त्यांची बाजू मांडली दि. बा. पाटलांनी. ते उरणजवळच्या जासईचे, शिकलेले वकील. त्यांच्याकडे पडदा नव्हता, सिनेमा नव्हता. बांधावर उभं राहून बोलायचं, आणि ज्यांची जमीन जायची तेच समोर बसलेले. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरच्या बाजूला आंदोलकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोन दिवसांत पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. म्हणजे पहिल्या मांडणीत जे तळाशी बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं, ते वर यायला पाच जीव लागले. तेव्हा मी वाशीत राहायला येऊन जेमतेम वर्ष होत आलं होतं. आमच्या सेक्टरात त्या आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं.

आपल्या जुन्या लोकांना श्रोत्याची ही किंमत ठाऊक असावी. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडून बघा. माउली आधी श्रोत्यांकडे अवधान मागतात, मग पुढे जातात. समर्थ रामदास काही कोणाची मनधरणी करणारे गृहस्थ नव्हेत. पण त्यांनीही दासबोधाच्या पहिल्याच दशकात गणेश, शारदा, सद्गुरू आणि संत यांच्या पाठोपाठ सबंध एक समास श्रोतेस्तवनाला दिला आहे. आपल्या सभांमध्ये अध्यक्षांचं स्तवन होतं, देणगीदारांचं होतं, मांडववाल्याचंही होतं. श्रोत्यांना म्हणतात, 'मागच्यांनी गडबड करू नका.'

गाडगेबाबांची तऱ्हा त्याहून न्यारी. गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे. रात्री कीर्तनाला उभे राहिले की उपदेश असा फारसा नाहीच. लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. कर्ज काढून सण करावा का? पोराला शाळेत घालावं का? उत्तर समोरच्याच्या तोंडून बाहेर पडल्यावर त्याला घरी जाऊन ते नाकारता येत नसे. हा माणूस कोणाकडे प्रेझेंटेशन शिकला नव्हता. पण तो श्रोत्याला 'गप्प बसून पटवून घेणारा' समजत नव्हता, हा फरक फार मोठा.

खारघर आमच्यापासून लोकलने फार लांब नाही. तिथल्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं आली. काही तर आदल्या रात्रीच येऊन बसली होती, जागा मिळावी म्हणून. व्यासपीठावर छत होतं. समोर ऊन होतं. एप्रिलातलं, भर दुपारचं, डोक्यावरचं. लोक उठले नाहीत. मोठ्या श्रद्धेने बसून राहिले. त्यातले चौदा जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी कोण काय बोललं, हे मी नंतर वर्तमानपत्रात वाचलं होतं. आज आठवत नाही. आमच्या घरातल्या फळीवर त्या आठवड्याचा पेपर अजून आहे. तो अंथरून त्यावर डबे ठेवायला हिला जमलं नाही.

परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस घरी आले. म्हणाले, 'काका, पुढल्या महिन्यात तुमचे दोन शब्द ठेवले आहेत. विषय : प्रभावी वक्तृत्व.' मी विचारलं, 'किती वाजता?' 'दुपारी चारला.' 'पंखे किती?' 'सहा.' 'चालू किती?' ते थोडे गडबडले. म्हणाले, 'चार. पण व्यासपीठावरचे दोन्ही एकदम नवे आहेत.' मी म्हटलं, 'ते दोन खाली लावा. आणि पाण्याचे जार मागच्या रांगेशी ठेवा, पुढच्या नको.' त्यांनी लिहून घेतलं. 'आणि मी पंधरा मिनिटं बोलेन, मग अर्धा तास लोकांनी मला विचारायचं.'

'प्रश्नोत्तरं?' चिटणीसांचा चेहरा पडला. 'काका, प्रश्नोत्तरं ठेवली की चहा गार होतो.'

'मग चहा आधी द्या.'

त्यांनी पेन खिशाला लावलं, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, 'चहा आधी दिला, तर तुमच्या भाषणाला थांबेल कोण?'

तारीख अजून ठरायची आहे.